आडातली परकी भाषा

मित्रांनो, आधी कठड्यापासून जरा मागं सरा. धाकट्यांचे हात थोरल्यांनी धरा. हां, असं. आता ऐका.

मी आड आहे. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडं एक लहानसं गाव आहे. तिथल्या सोसायटीच्या गोदामामागं माझी जागा. झाडं वर वाढतात, माणसं वर वाढतात, मी तेवढा खाली वाढलो. निजामाच्या अमदानीत मला खोदलं. पाथरवटांनी काळा दगड असा घडवला आणि असा बसवला, की अजून एक चिरा हललेला नाही. वरून वाकलं तर हात पोचेल इतक्या खोलीवर त्यांनी एक कोनाडा ठेवला. गावातल्या बायांनी त्यात शेंदूर माखलेले सात खडे मांडले. या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. राजी असल्या तर पाणी आटू देत नाहीत, आणि कोपल्या तर काठावरचं लेकरू ओढून नेतात, असं म्हणतात. त्यांनी कुणाला नेलेलं मी पाहिलं नाही. पण त्यांनाही मी कधी पाहिलं नाही. मला ठाऊक आहेत ते सात खडे.

माझे दिवस चांगले गेले. माझ्या पाण्यात डाळ लवकर शिजते अशी ख्याती होती. पाटोद्याकडं दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या, की घरात जायच्या आधी माझं पाणी शेंदून प्यायच्या. लग्नघरची पहिली घागर माझ्यावरून वाजतगाजत निघायची. पुढं गावात नळ आले, उंच टाकी उभी राहिली. सोसायटीनं खताच्या पोत्यांसाठी गोदाम बांधलं, तेही माझ्याकडं पाठ करून. मग माझ्यात फुटकी भांडी पडू लागली, निर्माल्य पडू लागलं, एकदा तर कुणाची तरी एकच चप्पल पडली. मी काही बोललो नाही. आडाला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो. वरून जे येतं तेच मी परत करतो. भरलेला असलो की शब्द पाण्यावर आपटतो आणि लगेच माघारी जातो. कोरडा असलो की तो खाली खाली उतरतो, दगडादगडाशी थांबत हिंडतो, आणि मग सावकाश वर येतो.

तर ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी मी ठणठणीत कोरडा होतो.

पावसानं ओळीनं दोन सालं पाठ फिरवली होती. टाकी रिकामी, नळ रिकामे. नळाची तोटी उघडली की आतून नुसता सुस्कारा यायचा. सोसायटीनं माळावर जनावरांसाठी चारा छावणी उघडली आणि गावासाठी टँकर लावला. टँकरचं पाणी ठेवायचं कुठं? तर माझ्यात. गावाला तेव्हा मी आठवलो. नबी ड्रायव्हर टँकर मागं घ्यायचा, जाड नळी कठड्यावरून आत सोडायचा, आणि कुठल्या तरी परक्या तलावाचं पाणी माझ्या पोटात धबाधबा पडायचं. ते टिकायचं नाही. बघता बघता तळाच्या फटींतून जिरायला लागायचं. जिरायच्या आत जिनं शेंदलं तिचं. म्हणून बाया सकाळीच आपापल्या घागरी आणून रांगेत मांडून जायच्या. घागर म्हणजे ती बाई. घागरीनं उभं राहायचं आणि बाईनं घरी भाकरी थापायच्या, असा रिवाज. रांग थेट गोदामाच्या कोपऱ्याला वळसा घालून जायची. भर दुपारी माणूस एक नाही, आणि नुसती उघडी तोंडं ओळीनं माझ्याकडं लागलेली. मला स्वतःलाच ते जाणवून कसंसं व्हायचं.

या घागरी राखायला कुणीतरी लागायचं. शेळ्या धक्का मारून पाडतात. शिवाय माणसंही कमी नाहीत, पाठ फिरली की आपली घागर पुढं सरकवणारी. ते काम जाहेदानं मागून घेतलं.

जाहेदा गावची सून. माहेर अंबाजोगाईचं, शिक्षण औरंगाबादच्या कॉलेजातलं. तिथं तिनं फ्रेंच भाषा घेतली होती. तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या म्हणे, बीड जिल्ह्यात तुला फ्रेंच बोलायला भेटणार कोण? भेटलो तो मी. तिचा नवरा चाँद मोटारी दुरुस्त करायचा; त्या दिवसांत तो पाटोद्याकडच्या छावणीवर कामाला गेलेला होता. घरी सासू अजमतबी आणि अडीच वर्षांची लेक अर्शी. उन्हाळ्याच्या अखेरीला जाहेदाची पुण्यात परीक्षा होती. ती पास झाली तर अंबाजोगाईच्या एका शाळेत तिला शिकवायला मिळणार होतं. परीक्षेत तोंडी बोलायचं होतं, आणि घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. अजमतबीला शिक्षणाचं वावडं नव्हतं. पण टळटळीत दुपारी बाईनं एकटीनंच मोठ्यानं बोललं, तर ऐकायला नको ते येऊन बसतं, असं तिचं ठाम मत.

म्हणून जाहेदा दुपारी लिंबाच्या सावलीला येऊन बसायची. आल्या आल्या ओढणीचं एक टोक अर्शीच्या कमरेला बांधायची, दुसरं लिंबाच्या बुंध्याला. गाठ ओढून बघायची. मग ओढणीची लांबी माझ्या कठड्यापर्यंत पोचत नाही ना, हे पावलांनी मापायची. काल मापलेलं असलं तरी आज पुन्हा. मग पुस्तक उघडायची आणि लेकीला शिकवल्यासारखी मोठ्यानं बोलायची. लेक गोट्यांसारखे खडे वेचत असायची. ऐकायचो मी.

त्या उन्हाळ्यात तिला क्रियापदाचं एकच रूप छळत होतं. स्युब्झाँक्तीफ म्हणतात त्याला, आणि त्यातलं हे भूतकाळातलं. ती म्हणायची, "बघ अर्शी, होऊन गेलेली गोष्ट वेगळी, आणि होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल मनात जे वाटतं ते वेगळं. भीती वाटते, शंका येते, बरं वाटतं, वाईट वाटतं. असं मन मध्ये आलं की हे रूप वापरायचं." मग ती ते जुळवून दाखवायची. दोन मदतनीस असतात. एक 'आव्वार', म्हणजे जवळ असणं, आणि एक 'एत्र', म्हणजे नुसतं असणं. मदतनिसाला आधी मनातलं रूप द्यायचं. आव्वारचं होतं 'ए', एत्रचं होतं 'स्वा'. त्याच्या मागं झालेलं क्रियापद बसवायचं, की झालं. बहुतेक क्रियापदं आव्वारला धरून चालतात. पण येणं, जाणं, जन्मणं, मरणं, पडणं, परत येणं, ही सगळी एत्रच्या मागं जातात.

आणि जे डोळ्यांनी पाहिलं आहे, जे पक्कं ठाऊक आहे, तिथं हे रूप चालत नाही, असंही ती बजावायची.

मला ते फार पटलं, मित्रांनो. आडाला वरचं काय दिसतं? वाटोळं आभाळ आणि अधूनमधून एखादं डोकं. बाकी सगळं कानावर येईल त्यावरून; झालं असेल, गेलं असेल, आली असेल, असंच. माझा जन्म त्याच रूपात गेलाय, फक्त त्याला नाव असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिची वाक्यं मला पाठ झाली. "झे पर किल ने पा प्ल्यू." पाऊस पडला नसावा अशी मला भीती वाटते. "झ स्वी काँतांत क त्यु स्वा वन्यू." तू आलीस म्हणून मला आनंद वाटतो. आणि पुस्तकात नसलेलं, तिनं स्वतःच जुळवलेलं एक. ते म्हणताना ती हटकून मागं वळून गाठीकडं बघायची. "झे पर केल स्वा तोंबे." ती पडली असेल अशी मला भीती वाटते.

मी शब्द घेत होतो आणि परत करत होतो. पण त्या उन्हाळ्यात मी जितका रिकामा झालो तितका पूर्वी कधी झालो नव्हतो. शब्द आत गेला की लवकर वर येईना. आधी थोडा उशीर व्हायचा. मग जाहेदा पुस्तक मिटून, गाठ सोडून, लेकीला कडेवर घेऊन घरी गेल्यावर तो यायचा. आणि मग दुपारचं वाक्य सांजेला वर यायला लागलं. तो इतका वेळ खाली काय करत होता, कुणापाशी थांबत होता, मला सांगता येणार नाही. मी फक्त तोंड आहे.

सांजेला माझ्याकडं येणारी एकच बाई होती, बायनाबाई. आसरांपुढं दिवा लावायचा नेम तिनं कोरड्या वर्षातही सोडला नव्हता. वय झालेलं, पण कान तल्लख. ती कोनाड्यात वात ठेवायला वाकली, आणि तिच्या तोंडावर गार वारा आला. कोरड्या आडातून, भर उन्हाळ्यात. पाठोपाठ बाईचा बारीक आवाज आला. "केल स्वा तोंबे."

बायनाबाई ओरडली नाही. तिनं वात नीट ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि मागं सरत सरत निघून गेली.

दुसऱ्या सांजेला ती बाया घेऊन आली. त्यांनी ऐकलं. तिसऱ्या सांजेला निम्मं गाव गोळा झालं. घागरींच्या रांगेतून तो आवाज पुढं सरकायचा, एकेक घागर हळूच घुमायची आणि गप व्हायची. रतनबाई तोंडाची फटकळ, पण तीही भीतभीतच म्हणाली, "आसरा इंग्रजी शिकल्या का काय?"

"त्येंची भाषा पान्याची," बायनाबाई म्हणाली. "तुला काय कळनार? आल्यात, एवढं कळलं म्हंजी बास."

आता पुढचं ऐका, कारण चूक इथं झाली, आणि ती आमच्याकडचीच माणसं करू जाणोत. बायनाबाईनं विचार मांडला की आसरा आडात उतरल्या आहेत, म्हणजे त्या स्वतःचं पाणी घेऊन आल्या आहेत. अशा वेळी कुठल्या तरी तलावाचं, नळीतून आलेलं परकं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतायचं? घरात सवाष्ण जेवायला बसली असताना तिच्या पानात शेजारचं उष्टं वाढायचं, तसंच ते. आसरा उठून जातील, आणि जाताना कुणाला तरी घेऊन जातील. बायांना ते पटलं. पुरुषांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण बायांपुढं कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नबीनं टँकर मागं घेतला, तर माझ्या कठड्याला हळदीकुंकू लावलेलं आणि बाया हाताला हात धरून उभ्या.

नबी खाली उतरला. "कावून? पानी नको?"

"आसरा हायत आत," रतनबाई म्हणाली.

"मंग त्येन्लाच इचारा की, घेता का म्हनून." तो हसला, पण कठड्याजवळ काही आला नाही.

सोसायटीचे चेअरमन मोहनराव. त्यांची निवडणूक तोंडावर आली होती. देवाधर्माच्या गोष्टीत गावाच्या भावनेला धक्का लावायचा नाही, असं म्हणून त्यांनी टँकर छावणीच्या जनावरांकडं वळवला. नबी रोज आधी माझ्यापाशी यायचा, विचारायचा, आणि नकार घेऊन पुढं जायचा. आसरांच्या धाकानं त्याच्याकडून परस्पर घागरभर घ्यायचीही कुणाची छाती होईना.

घागरी रांगेत तशाच ठेवून गावानं आसरांच्या पाण्याची वाट बघितली. सांजेला आवाज यायचा, पाणी यायचं नाही. बाया ओढ्याच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरू लागल्या. त्याला कुजक्या पाल्याचा वास यायचा. लेकरं हगवणीनं आडवी पडायला लागली.

जाहेदा सांजेला लेकीपाशी घरीच असायची, तिला हे सगळं अजमतबीकडून कळलं. अजमतबीनंही आसरांना नारळ कबूल केला होता. चाँद लहानपणी तापानं फणफणला तेव्हाही तिनं केला होता, आणि तो उठला होता. नवल ऐकून जाहेदा एका सांजेला लेकीला कडेवर घेऊन बायांच्या मागं येऊन उभी राहिली. आवाज आला. तिनं तो ओळखला. आपलाच आवाज, आपलंच वाक्य. पण त्या दुपारी ती माझ्याकडं आलीच नव्हती. अर्शीच्या पोटात दुखत होतं म्हणून ती घरीच होती. मग आज हे कुणी म्हटलं? ती जागची हलली नाही. अर्शीनं तिच्या कानातलं ओढलं तरी तिला कळलं नाही.

तिनं सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? मुसलमानाच्या सुनेचा आवाज, आणि गाव त्यापुढं नारळ फोडतंय. लोक काय म्हणतील, सासू काय म्हणेल, बायनाबाईच्या तोंडाकडं कसं बघायचं. आज सांगू, उद्या सांगू करता करता अर्शी झोपूनच राहिली. डोळे आत गेले, ओठ पापुद्र्यासारखे झाले. रडली तरी डोळ्यांतून पाणी येईना. जाहेदानं तिला युसूफ वडगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मीठसाखरेचं पाणी पाजा, थोडं थोडं, सारखं. पण पाणी चांगलं पाहिजे, हे झिऱ्याचं पाजलं तर पोर हाती लागणार नाही. येताना कुणीतरी भरून दिलेली बाटली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरली. बाटलीचा तळ दिसला तेव्हा दारावरून टँकर गेला.

ती तशीच उठली. लेक खांद्यावर टाकली आणि गोदामाकडं आली. तिथं नबी बायांना सांगत होता की ही शेवटची खेप. आजही नको म्हणालात तर उद्यापासून या गावचा टँकर बंद, दुसऱ्या गावाला लागणार. चेअरमनसाहेबांनी तसं वरती कळवलंय. मोहनराव जरा लांब मोटरसायकलजवळ उभे होते. बाया एकमेकींकडं बघत होत्या, पण हात सोडत नव्हत्या.

"बायनामावशी," जाहेदा म्हणाली, "तो आवाज माझा आहे."

बायांनी माना वळवल्या.

"मी दुपारी इथं अभ्यास करते. परीक्षेचा. ती फ्रेंच भाषा आहे, माणसांची भाषा. आडात आवाज घुमतो, तो तुम्ही ऐकला. आत कुणी नाही. पाणी घ्या मावशी. माझी लेक बघा, रतनबाईंचा नातू बघा. पाणी घ्या."

तिनं ते वाक्य म्हणूनही दाखवलं. सगळ्यांनी ओळखलं, कारण आवाज तोच होता. आता बाया चिडतील असं तिला वाटलं होतं. हसतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बायनाबाई पुढं आली आणि तिनं जाहेदाच्या कपाळाला हात लावला, ताप बघावा तसा.

"अगं पोरी, आसरान्ला तोंड कुठं असतंय? त्या कुनाच्याबी तोंडानं बोलत्यात. तुज्या तोंडानं बोलल्या, तुजं नशीब मोठं."

"मावशी, मी शिकले आहे ती भाषा."

"तुला शिकवली कुनी मंग? एवढी गावं सोडून हितंच कावून येऊन बसलीस तू? ह्याच आडापाशी?"

मित्रांनो, खरं सांगितलं की गाठ सुटते असं आपण म्हणतो. त्या दिवशी ती जास्तच घट्ट बसली. अजमतबी गर्दीतून पुढं येऊन तिच्या दंडाला धरून ओढू लागली. "चल घरकू. कुछ नक्को बोल. चल."

तेवढ्यात रतनबाई म्हणाली, "हीच त्यांचं तोंड हाय तर हीच इचारू दे की. पानी घ्यायचं का न्हाई घ्यायचं, इचार गं बाई. आमचा बी जीव टांगनीला लागलाय."

बायांनी हात सोडले आणि वाट करून दिली.

अशी वाट कुणी करून दिली की माणसाला मागं फिरता येत नाही. जाहेदाचा त्यातल्या कशावर विश्वास नव्हता, एवढं मी सांगू शकतो. इतक्या दुपारी तिच्याजवळ काढल्या होत्या. पण खांद्यावर लेक होती, आणि लेक हलत नव्हती. तिनं अर्शीला अजमतबीकडं दिलं. कठड्यापासून नेहमी अंतर राखून बसणारी बाई पहिल्यांदा कठड्याला लागून उभी राहिली आणि माझ्यात वाकली. तिचा चेहरा मी तेव्हा प्रथम पाहिला. तिचे ओठही फुटले होते.

त्या रूपाचा एक उपयोग तिला नेहमी अवघड जायचा. भूतकाळाचं रूप, पण पुढच्या गोष्टीसाठी. अमुक वेळेच्या आत एखादी गोष्ट होऊन गेलेलीच असली पाहिजे, असं जिथं म्हणायचं तिथंही तेच लागतं. दुपारच्या अभ्यासात ती तिथं अडखळायची, पान उलटायची. आता ती अडखळली नाही.

"इल फो," ती म्हणाली, "क लो स्वा तारिवे अवाँ स स्वार."

आजची सांज व्हायच्या आत पाणी आलेलं असलंच पाहिजे.

मी ते घेतलं. त्या उन्हाळ्यात माझ्यात गेलेला शब्द किती रेंगाळायचा ते तुम्हाला सांगितलंच आहे. हे वाक्य रेंगाळलं नाही. तळाला लागलं आणि तसंच उलटलं, तिच्याच आवाजात, तितकंच स्पष्ट. बायांनी ऐकलं. टँकरची नळी ठिबकत होती, तेवढाच आवाज.

आणि मग खालून कुणीतरी म्हणालं, "ओता."

मोठ्यानं नाही. घाईनं नाही. ताटावर बसलेल्यानं 'वाढा' म्हणावं तसं.

तो शब्द जाहेदानं उच्चारला नव्हता. वरून कुणीच उच्चारला नव्हता. वरून न आलेला शब्द मला परत करता येत नाही. माझे दगड मला एकेक ठाऊक आहेत, त्यांतल्या एकाचाही तो नव्हता. तो माझ्या तळाच्याही खालून आला, माझ्यातून गेला, आणि जाताना मला इतकं गार वाटलं, जितकं पाण्यानं भरलेला असतानाही कधी वाटलं नव्हतं.

जाहेदा मागं सरली. सासूच्या हातातून तिनं लेक जवळजवळ हिसकावून घेतली आणि लिंबाच्याही पलीकडं जाऊन उभी राहिली. बायनाबाईनं जमिनीवर डोकं टेकलं. नबी आतापर्यंत हसत होता. त्यानं नळी उचलली आणि कॉक फिरवला. नळी कठड्यावर खडखडत होती. मोहनरावांनी मोटरसायकल सुरू केली आणि ते निघून गेले.

पाणी पडलं. नेहमीसारखं फटींकडं धावलं. पण फटींतून गेलं नाही. मी वाट पाहिली, आता जिरेल, मग जिरेल. तळाखाली कुणी ओंजळ धरून बसावं तसं ते होतं तिथं राहिलं. बायांनी शेंदलं, पुन्हा शेंदलं, रांगेतली शेवटची घागर भरली, तरी पोहरा पाण्यालाच टेकत होता. जाहेदानं आपली कळशी स्वतः शेंदली नाही, रतनबाईकडून शेंदून घेतली. अर्शीला चमच्या-चमच्यानं पाजता पाजता सांज झाली. सांजेला तिनं डोळे उघडले, आणि रडली, आणि रडताना डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून जाहेदाही रडली.

त्या सांजेपासून माझ्यातून आवाज आला नाही. गाव म्हणालं, आसरांचं समाधान झालं. टँकर चालू राहिला. पुढं उशिरा का होईना पाऊस झाला.

जाहेदानं परत माझ्यापाशी पुस्तक उघडलं नाही. तोंडी परीक्षेत ती पास झाली आणि तिघं अंबाजोगाईला राहायला गेली. ईदेला सासूकडं येते तेव्हा गोदामावरून जाते. मागच्या खेपेला अर्शी बरोबर होती, शाळेत जाण्याएवढी झालेली. आड बघून लेकरांना जे सुचतं ते तिलाही सुचलं. धावत येऊन कठड्याला हात लावला, 'ओ' करायला छाती भरून घेतली. तिची आई कुठून आली मला दिसलंही नाही. तिनं मागून येऊन लेकीच्या तोंडावर हात ठेवला आणि तसंच तोंड दाबून तिला वाटेपर्यंत नेलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण तिची पावलं सावकाश पडत होती. ऐकत जाणाऱ्या माणसाची पडतात तशी.

आता माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतो आणि तुम्हाला सोडतो, दिवेलागण होत आलीय.

सोसायटीला गोदाम वाढवायचं आहे. मला दगडमातीनं बुजवून वर फरशी करावी असा विचार चालला आहे. मित्रांनो, घरी गेल्यावर थोरल्यांना सांगा, माझ्यावर लोखंडी जाळी बसवा. झाकण करा, त्याला कुलूप लावा. माझ्यात कचरा टाकू नका, गाळ काढा, पावसाचं पाणी माझ्याकडं वळवा. चांगल्या वर्षात आडाला जपलं, तरच वाईट वर्षात त्याच्याकडं तोंड घेऊन येता येतं. पण बुजवू नका.

हे मी माझ्या जिवासाठी म्हणत नाही. माझा काय, दगडच आहे. पण खाली जे कुणी आहे, त्याला वर यायला आजवर माझी एवढीच वाट होती. ती बंद झाली तर ते दुसरी शोधेल. आणि तुमच्या अंगणात जी बोअर घेतली आहे ना, ती माझ्यापेक्षा पुष्कळ खोल गेली आहे.

जा आता. धाकट्यांचे हात सोडू नका.